मोठी लॉ फर्म सोडून सेबीत जावं का? (पगार कमी, वय २९, उत्तर आठवड्यात द्यायचंय)

सोलापुरी_चादर

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असते, नोकरीबद्दल पहिल्यांदाच लिहितेय. रात्रीचे दोन दहा झालेत, लोअर परळहून घरी निघालेय, कॅबमध्ये टंकतेय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पुण्यात लॉ केलं, गेली साडेचार वर्षं मुंबईतल्या एका मोठ्या फर्मच्या कॅपिटल मार्केट्स टीममध्ये आहे. काम आयपीओचं. डीआरएचपी (आयपीओच्या माहितीपत्रकाचा मसुदा) लिहायचा, त्यातल्या प्रत्येक विधानामागे पुराव्याचा कागद लावायचा (आमच्या भाषेत बॅकअप), बँकर्सच्या कॉलवर बसायचं आणि सेबीचे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचे, शेरे आले की रातोरात उत्तरं तयार करायची. आज रात्री अकराला रिस्क फॅक्टर क्रमांक ३७ मधलं 'मे' (may) काढून 'कुड' (could) घातलं. साडेबाराला कुणीतरी म्हणालं, आधीचंच बरं होतं. परत 'मे' केलं. दोन्ही वेळा टाइमशीट (क्लायंटला बिल लावायचा वेळेचा हिशेब) भरलं, सहा मिनिटांचा एक तुकडा या हिशेबाने.

आता मुद्दा. २०२४ ची सेबी ग्रेड ए (अधिकारी भरतीची) परीक्षा दिली होती, लीगल स्ट्रीममधून. अख्ख्या देशात जागा ५. ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं, पहिल्या टप्प्याला पोट बिघडल्याचं निमित्त केलं होतं. निवड झाली! वयाची अट ३० ची, त्यामुळे पुढच्या वेळी बघू म्हणायची सोय नाही.

जाहिरातीत मुंबईसाठी सुरुवातीचं एकूण वेतन सेबीची राहायची जागा न घेतल्यास महिना साधारण १,४९,५०० आणि जागा घेतल्यास १,११,००० दिलं होतं. सध्या माझ्या हातात दोन लाखांच्या वर येतात, बोनस वेगळा. सोलापूरच्या घरावर मजला चढवला त्याचा हप्ता ३८,००० जातो. बाबा म्हणतात डोळे मिटून घे. आई नातेवाइकांना फोन करून मोकळी झालीय. फर्ममधले आमचे पार्टनर फक्त म्हणाले, "दोन वर्षांत कंटाळशील."

पैशांचं गणित मी मांडू शकते. मला भीती वेगळीच आहे. मी चांगली वकील आहे की नुसती वेगवान आहे, हेच मला कळत नाहीये. फर्ममध्ये वेग चालतो. तिकडे काय चालतं?

टाइमशीट_पीडित

पहिला! अगं घे. मी तिसऱ्या वर्षात आहे आणि काल स्वप्नात वेळेची नोंद केली. झोप, शून्य दशांश चार तास, नॉन-बिलेबल.

गिरगावकर

सरकारी नोकरी, साडेपाचला पेन खाली, दिवाळीला सुट्टी. विचार कसला करता? आमच्या वेळी अशी नोकरी लागली की पेढे वाटायचे.

मेथीची_भाजी

@गिरगावकर, पेन खाली वगैरे विसरा. माझी धाकटी बहीण एका नियामक संस्थेत आहे. तपासणीचे दिवस असले की तिचा डबा रात्री परत येतो तो न उघडलेला. पण रविवार तिचा असतो, हे खरं.

@चादर, तू पगाराची तुलना चुकीची करतेयस. दोन लाखांतून आधी भाडं काढ. लोअर परळच्या आसपास राहत असशील तर एका खोलीचे किती देतेस ते इथे लिहू नकोस, आम्हाला चक्कर येईल. जागा घेतलीस तर तो खर्च जातो. रात्री अकराला मागवलेलं जेवण, शनिवारी थकून केलेली ऑनलाइन खरेदी, सहा महिन्यांत रद्द केलेली दोन तिकिटं, हेही मांड. मग फरक दिसतो त्याच्या बराच खाली येईल. खरी खोट बोनसची आणि पुढच्या वाढीची आहे. फर्ममध्ये पाच वर्षांनी तू जिथे असतीस तिथे सरकारी वेतनश्रेणी तुला कधीच नेणार नाही. ते मनातून काढून टाकता आलं तरच जा, नाहीतर दर एप्रिलला जुन्या सहकाऱ्यांचे आकडे कानावर आले की जळशील.

बाकी पेन्शनच्या गोष्टी काकांच्या पिढीच्या. आता एनपीएस, म्हणजे बाजारावर अवलंबून असलेली पेन्शन.

पोटोमॅककाठी

इथे वॉशिंग्टनमध्ये हे पाऊल रोजचंच आहे. न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाचा असोसिएट २,२५,००० डॉलर घेतो, तरी लोक चार-पाच वर्षांनी एसईसीत (इथली सेबी) जातात आणि बरेचसे पुढे परत येतात. त्याला नावं ठेवणारे आहेत, पण येण्याजाण्याची वाट रुळलेली आहे. आपल्याकडे परीक्षा आणि वयाची अट असल्याने ही वाट फार अरुंद. परत यायचं ठरवून जाऊ नकोस, इतकंच.

ब्रीफलेस_बबन

मी नरिमन पॉइंटला सॅटमध्ये, म्हणजे सेबीच्या आदेशांवरची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, बहुतेक वेळा नियामकाच्या समोरच्या बाजूने उभा असतो. त्यामुळे माझं मत त्या चष्म्यातून वाच.

आधी कोरड्या गोष्टी. पूर्ण वेळ पगारी नोकरी धरलीस की बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली थांबवावी लागते. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला लेखी कळव, सनद (वकिलीचा परवाना) स्थगित करून घे आणि पोचपावती जपून ठेव. बरेच जण "नंतर करू" म्हणतात आणि दहा वर्षांनी परत सनद चालू करायची वेळ आली की कपाळाला हात लावतात.

दुसरं, तुझ्या क्लायंटनी तुला विश्वासाने सांगितलेलं तुझ्याबरोबर तिकडे जात नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ चं कलम १३२ बघ (जुन्या पुरावा कायद्यातलं १२६). व्यावसायिक नातं संपलं तरी गोपनीयता संपत नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. ज्या कंपनीचा डीआरएचपी तू लिहिलास तिची फाईल समोर आली तर त्याच दिवशी वर लेखी कळवायचं आणि बाजूला व्हायचं. तोंडी नाही. लॅपटॉपमधले जुने मसुदे, "नमुना म्हणून" सुद्धा, घेऊन जाऊ नकोस. आपण सगळे तो मोह जाणतो.

तिसरं, बदली. प्रादेशिक कार्यालयं दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि अहमदाबादला आहेत. मुंबई गृहीत धरून लग्नाचा हॉल बुक करू नये. (हलकं घ्या.)

आता तुझा खरा प्रश्न. तुझी सही लगेच कुठल्या आदेशावर असणार नाही. सेबी कायद्याच्या कलम १५-आय खाली न्यायनिर्णय अधिकारी (चौकशी करून दंड ठरवणारा) डिव्हिजन चीफच्या हुद्द्याखालचा चालतच नाही. पण त्या सहीच्या आधीचं पुष्कळसं काम तुझ्यासारख्यांच्या टेबलावरून जातं: कारणे दाखवा नोटीस तपासणं, कुठला कागद समोरच्याला द्यायचा ते ठरवणं, अपील आलं की वकिलाला ब्रीफ करणं. ताकानो विरुद्ध सेबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं की कारवाईशी संबंधित असेल तर तपास अहवाल नोटीसधारकाला दाखवायला हवा. हे वाचायला सोपं आहे. "संबंधित" काय, हे तीन खोकी कागदांतून ठरवणाऱ्या माणसाला विचार. तो माणूस तू असशील. आणि आदेश हातात पडल्यापासून ४५ दिवसांत माझ्यासारखा कुणीतरी त्यातली भोकं शोधत अपील दाखल करेल.

सोलापुरी_चादर

@मेथीची_भाजी, भाड्याचा आकडा खरंच लिहीत नाही. आत्ता एक्सेलमध्ये मांडलं, फरक निम्म्यावर आला. धन्यवाद गं.
@बबन, सनदेचं माझ्या डोक्यातच नव्हतं.

दिल्ली_दरबार

सगळे "जा जा" म्हणतायत म्हणून दुसरी बाजू. मीही मोठ्या फर्ममधून दिल्लीतल्या एका नियामकाकडे गेलो होतो (कुठला ते विचारू नका), तीन वर्षांनी परत आलो.

मला कंटाळा आला नाही, मला एकटं पडल्यासारखं झालं. फर्ममध्ये रात्री एक वाजता अडलं तर शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी जागं असतं, वर लायब्ररीवाले, फॉरमॅटिंगवाले, दोन मसुदे ताडून बघणारी यंत्रणा. तिकडे मी आणि माझी फाईल. एका नियमदुरुस्तीवर मी टिपण लिहिलं, मनापासून, सहा देशांचे कायदे वाचून. ते पाच महिने फिरत राहिलं. ते मान्यही नाही आणि अमान्यही नाही. मग माझा विभाग बदलला आणि मला देखभाल करारांच्या कामावर बसवलं. लिफ्ट आणि वातानुकूलन. माझ्याजागी आलेल्याने ते टिपण उघडलंही नसावं.

कुणी वाईट नव्हतं. वरिष्ठ सज्जन होते. पण फर्ममध्ये डील क्लोज होतं तेव्हा एक दिवस असतो, केक कापतात, संपलं म्हणतात. तिकडे मला असा दिवस मिळाला नाही. तुला त्या दिवसाची सवय लागली असेल तर आधी स्वतःला विचार.

टाइमशीट_पीडित

लिफ्टचं वाचून निर्णय बदलला. केक तरी आहे इकडे.

जुना_बाबू

बरेच दिवस वाचनमात्र होतो, या धाग्यामुळे लॉगिन झालो. एका नियामक संस्थेत सव्वीस वर्षं काढून निवृत्त झालोय. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे.

चादरताई, तुम्ही विचारलंत तिकडे काय चालतं. एक प्रसंग सांगतो.

माझ्या सहीच्या सुरुवातीच्या आदेशांपैकी एक एकतीस पानांचा होता. इंग्रजी उत्तम, निवाडे ठासून भरलेले. वरिष्ठांनी वाहवा केली होती. नोटीसधारक एक मध्यमवयीन गृहस्थ, कंपनीतले माजी अधिकारी. त्यांचं उत्तर आलं होतं बावीस परिच्छेदांचं, टाइप केलेलं, वकिलाशिवाय. त्यातल्या परिच्छेद १४ मध्ये त्यांनी लिहिलं होतं की संबंधित तारखेला मी त्या नोकरीतच नव्हतो, सोबत कार्यमुक्तीचं पत्र जोडलंय. मी ते वाचलं होतं. वाचल्याचं मला आजही आठवतं. पण बाकीचे एकवीस परिच्छेद इतके रडगाण्याचे होते की मी एका वाक्यात सगळे गुंडाळले: वरील सर्व मुद्द्यांचा विचार करता नोटीसधारकाचं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही.

अपिलात पीठाने आमच्या वकिलाला एकच प्रश्न विचारला. परिच्छेद १४ चं उत्तर आदेशात कुठे आहे? मी मागच्या बाकावर बसलो होतो. वकील पानं उलटतायत, उलटतायत, मग वळून माझ्याकडे बघितलं. ती एकतीस पानं मला पाठ होती. मला माहीत होतं की उत्तर कुठेच नाही.

प्रकरण नव्याने ऐकण्यासाठी परत आलं. तोवर दोन वर्षं गेली होती आणि त्या गृहस्थांना दुसरी नोकरी मिळत नव्हती. पुढे ते सुटले. पत्र खरं होतं.

त्यानंतर मी एक करायला लागलो. कुणाचंही उत्तर आलं की समासात पेन्सिलीने प्रत्येक मुद्द्याला आकडा. आदेशाचा मसुदा झाला की उत्तर परत समोर घ्यायचं आणि एकेका आकड्यावर बरोबरची खूण करत जायचं. खूण राहिली तर मसुदा परत. लोक हसायचे, शाळामास्तर म्हणायचे. तुम्ही म्हणता ना, बॅकअप? तेच, फक्त उलट्या दिशेने. तुम्ही तुमच्या विधानामागे कागद लावता. इथे समोरच्याच्या विधानाला उत्तर लावायचं. आणि तुमच्या विरुद्ध जाणारा कागद सगळ्यात आधी वर काढायचा. फर्ममधून आलेल्या हुशार मुलामुलींना हे जड जातं असं मी पाहिलंय, कारण त्यांना जिंकायला शिकवलेलं असतं.

दंडाची रक्कमसुद्धा तशीच. पाच लाख का, सात का नाहीत, हे लिहिता आलं पाहिजे. फर्ममध्ये बिल किती लावलं याचं कारण क्लायंट विचारतो, इथे अपील पीठ विचारतं.

वेगाबद्दल: वेग लागतोच, मुदती इथेही असतात. पण टिपण लिहिताना असं धरा की उद्या माहिती अधिकारात कुणीतरी ते मागणार आहे आणि तुमच्या नावासकट वाचणार आहे. मग हात आपोआप सावकाश चालतो.

दरबार यांनी लिहिलंय ते खरं आहे. माझीही टिपणं कपाटात गेली. एक अकरा वर्षांनी बाहेर निघालं, त्यावर माझं नाव होतं आणि मी ते लिहिल्याचं मला आठवत नव्हतं.

मेथीची_भाजी

काका, दंडवत.

गिरगावकर

साडेपाचचं विधान मागे घेतो. बाबूसाहेब, त्या गृहस्थांना पुढे कधी भेटलात?

जुना_बाबू

नाही. फोन नंबर फाइलमध्ये होता. धीर झाला नाही.

सोलापुरी_चादर

काका, हे तीनदा वाचलं. उद्या राजीनामा टाकतेय. नोटीस पीरियडवर घासाघीस करावी लागेल, पण होईल. आईला आता खरोखर फोन करू द्या.

तिसरी_घंटा

धागा वर काढतेय. मला जेएमएफसीची (कनिष्ठ न्यायाधीशपदाची) परीक्षा द्यायचीय, मधल्या काळात एखाद्या नियामकाकडे काम केलं तर चालेल का? मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षं वकिलीची अट परत आलीय म्हणतात.

ब्रीफलेस_बबन

आलीय, २० मे २०२५ च्या निकालाने. बार कौन्सिलमधल्या तात्पुरत्या नोंदणीपासूनचा काळ धरतात आणि न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही मोजतात. पण सनद स्थगित करून केलेली नोकरी म्हणजे वकिली नव्हे. न्यायाधीश व्हायचं पक्कं असेल तर आधी तीन वर्षं कोर्टात उभी राहा. एकदम दोन दगडांवर पाय नको.

सोलापुरी_चादर

आठ महिने झाले, कुणीतरी विपूत (विचारपूस, म्हणजे इथला खाजगी निरोप) विचारलं "कंटाळलीस का" म्हणून इथेच लिहिते. विभाग आणि फाइली याबद्दल काही विचारू नका, सांगणार नाही.

पहिले दोन आठवडे मी दर थोड्या वेळाने घड्याळ बघायचे आणि मनात नोंद करायचे. कुणाला लावू हे सहा मिनिटं? मग ते गेलं.

माझं पहिलं टिपण नऊ पानांचं होतं. साडेचार वर्षांची सगळी विद्या ओतली होती: असं म्हणता येऊ शकेल, तथापि, याच्या अधीन राहून, दुसरा दृष्टिकोनही संभवतो. प्रत्येक वाक्याला पळवाट. मॅडमनी दुसऱ्या दिवशी परत दिलं. कुठेही दुरुस्ती नाही, लाल रेघ नाही. शेवटच्या पानाखाली पेन्सिलीने फक्त एक ओळ: "तुमचं मत काय?"

मी जागेवर जाऊन ते नऊ पानांत शोधलं. नव्हतं. क्लायंटला मत देताना मत न देण्याची कला इतकी अंगात मुरली होती की मला स्वतःलाच पत्ता नव्हता. ते टिपण शेवटी साडेतीन पानांचं झालं आणि त्यातली शेवटची चार वाक्यं लिहायला अख्खा दिवस गेला. टाइमशीट असतं तर कुणी मंजूर केला नसता तो दिवस.

जुना_बाबू काका, पेन्सिल घेतलीय. समासात आकडे घालते. शेजारचा मुलगा विचारत होता हे काय, त्याला परिच्छेद १४ ची गोष्ट सांगितली, तोही घालतो आता.

पैसे: दोन एसआयपी बंद केल्या, कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी केला. हॉटेलिंग आपोआप थांबलं कारण भूक वेळेवर लागते. बोनसच्या महिन्यात मात्र जुन्या ग्रुपवरचे मेसेज वाचून दोन दिवस तोंड पाडून होते, मेथी म्हणाली होती तस्संच. ग्रुप म्यूट केलाय.

एक गोष्ट इथे कुणीच सांगितली नव्हती. फर्ममधल्या माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचा तिसऱ्याच महिन्यात फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा, मग सहज, "अगं ते शेरे कधीपर्यंत येतील, अंदाज?" माझा त्या कामाशी संबंध नव्हता, तरी मी म्हटलं हे मला विचारू नकोस. ती हसली, बरं म्हणाली. त्यानंतर वाढदिवसाला मेसेज आला, फोन नाही. आम्ही चार वर्षं एकाच प्लेटमधून रात्रीचा चायनीज खाल्लाय. तिच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं, हे मला चांगलं माहीत आहे.

@दिल्ली_दरबार, केकवाला दिवस अजून आलेला नाही. लिफ्टही आलेली नाही.

दिल्ली_दरबार

मैत्रिणीचं वाचून कसंतरी झालं. माझ्याकडेही असा एक नंबर आहे.

तिसरी_घंटा

ताई, २०२५ च्या जाहिरातीत लीगलच्या २० जागा आहेत! कोर्टात तीन वर्षं काढायच्या आधी ही परीक्षा देऊन बघावी का, फारच गोंधळ झालाय. विपू केलीय, बघाल का? दुसऱ्या पेपरसाठी कुठल्या नोट्स वाचल्यात?

सोलापुरी_चादर

नोट्स नको, बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा मूळ मजकूर) वाच. आधी घटना, करार आणि पुरावा. पहिल्या टप्प्यात चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापतात, त्यामुळे अंदाजपंचे ठोकू नकोस. कोर्ट की नोकरी हे बबनला विचार, तो प्रामाणिक सांगेल. विपू बघितली, पण उत्तर उद्या देते गं, साडेदहा वाजले, झोपतेय.